पोटाला जागा सांगता येत नाही

निरगुडसरहून मंचरला जाताना लोकांना रस्त्यावरची देवळं ठाऊक असतात, मिसळीची हॉटेलं ठाऊक असतात. मला संडास ठाऊक आहेत. कोणत्या पंपावरचा उघडा असतो, कुठं चावी मागावी लागते आणि चावी देणारा ती देताना तोंड कसं करतो, हे मला पाठ आहे. अकरा वर्षं मी या रस्त्यानं शाळेत शिकवायला जाते. या अकरा वर्षांत घर ते शाळा पोट गप्प राहिलं असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. स्कूटीवर बसलं की पहिली कळ येते आणि गावची कमान मागं पडेपर्यंत दुसरी. मग मी पुढचा पंप किती लांब आहे ते मनात धरून गाडी चालवते.

मी शिकवते विज्ञान. दहावीला चेतासंस्था शिकवताना पुस्तकात उदाहरण नेहमी बोटाचं असतं. बोटाला टाचणी टोचली, निरोप मज्जारज्जूकडं गेला, हात मागं आला. सगळं कसं स्वच्छ. पोटाचं उदाहरण कुणी देत नाही. फळ्यावर ते बोट काढताना माझ्या पोटात मुरडा येत असतो आणि मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी असते. पोरांना वाटतं, बाई शिकवण्यात रंगल्या आहेत.

सुरुवात एका लग्नातल्या जेवणानं झाली. अर्ध्या पंगतीला जुलाब झाले. चार दिवसांत सगळे बरे झाले, मी झाले नाही. मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली. प्रत्येक कागदावर शेवटी एकच, सगळं नॉर्मल. हा शब्द ऐकून माणसाला राग येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. कागद स्वच्छ निघाला की घरच्यांच्या लेखी दुखणं खोटं ठरतं.

नवरा शेतकरी, कांदा आणि ऊस. माणूस वाईट नाही, हे मी रागात असतानाही कबूल करते. पण त्याचं पोट म्हणजे दगड. सकाळी शिळ्या भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊन तो वाफ्यात उतरायचा आणि दुपारपर्यंत त्याला पोट नावाचा अवयव आहे याची आठवणही नसायची. अशा माणसाला काय सांगणार? पाहुण्यांसमोर विचारायचा, आज बाईसाहेबांचं पोट फॉर्मात आहे का? सगळे हसायचे, मीही हसायचे आणि आत जाऊन भांडी आपटायचे. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. डोक्यातलं आहे ते, लक्ष देऊ नकोस. हे वाक्य त्यानं मला किती वेळा ऐकवलं असेल याचा हिशेब नाही.

विश्वास ठेवणारी घरात एकच होती, सासू. तिला मी आत्या म्हणते. आत्या गावात बेंबी बसवते. पोट दुखायला लागलं की बेंबी जागेवरून सरकली असं आमच्याकडं मानतात, आणि ती जागेवर आणायला चारी वस्त्यांवरून लोक आत्याकडं येतात. उपाशीपोटी यायचं, उताणं झोपायचं. आत्या बेंबीवर अंगठा रुतवून ठोका कुठं लागतो ते पाहते. ठोका मधोमध लागला तर ठीक, बाजूला लागला तर बेंबी त्या बाजूला गेली. मग पोटावर कणकेची पणती ठेवायची, वात लावायची आणि वरून पितळेचा तांब्या पालथा घालायचा. आत वात विझते आणि तांब्या पोटाचं कातडं आत ओढून घट्ट धरतो. तांब्या जितका घट्ट धरेल तितकी बेंबी जास्त सरकलेली. सुटला की पायाच्या अंगठ्याला काळा दोरा बांधायचा आणि सरळ घरी जायचं.

माझ्यावर तो तांब्या सात-आठ वेळा लागला. विज्ञानाची बाई असून मी पडून राहिले. खरं सांगते, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. माझ्या पोटावर कुणीतरी हात ठेवून ‘हितं का?’ असं विचारत होतं, तेच मला पुष्कळ होतं.

पुढं पुण्यातल्या एका पोटाच्या डॉक्टरांनी मला शहाणं केलं. त्यांना वेळ होता की माझी दया आली, ठाऊक नाही. चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी आतड्याची वेटोळी काढली. म्हणाले, आतड्याला कात्रीचं भय नाही, कापलं तरी त्याला फारसं समजत नाही. त्याला समजतं ते ताणणं. फुगलं, अडलं, सुजलं की तिथल्या नसा बोलायला लागतात. आतड्याच्या अस्तरात काही पेशी तर अशा असतात की आत आलेल्याची जणू चव घेतात आणि शेजारच्या नसेला कळवतात. मिरचीचा तिखटपणा आणि खरा चटका नसांना एकाच दारानं कळतो, म्हणून ठेचा आतूनही भाजतो. आणि काही नसा निरोगी माणसात झोपून असतात. जंतूंनी आतडं सुजलं की त्या जाग्या होतात. जंतू जातात, सूज उतरते, पण काही लोकांत त्या नसा पुन्हा झोपत नाहीत. मग साधा वरणभात खाली सरकला तरी त्या आरडाओरडा करतात.

म्हणजे दुखणं खरं आहे? मी विचारलं. ते म्हणाले, शंभर टक्के खरं आहे, फक्त धोका नाही.

मग मी माझी जुनी तक्रार काढली. नेमकं कुठं दुखतं ते मला दाखवता येत नाही, म्हणून लोक हसतात. डॉक्टर म्हणाले, तुम्हालाच काय, कुणालाच येत नाही. बोटाच्या टोकाला जितक्या नसा असतात त्या मानानं आतड्याला फार थोड्या. त्यांचे निरोप मज्जारज्जूत कातडीच्या निरोपांमध्ये मिसळतात. मेंदूला एवढंच कळतं की पोटात काहीतरी आहे. लहान आतड्याचं असो की अपेंडिक्सचं, तो सगळं बेंबीपाशी टाकून देतो. पोटाच्या भिंतीला आतून जे अस्तर आहे त्याच्या नसा मात्र वेगळ्या, कातडीसारख्या. त्या बरोबर बोट ठेवून जागा दाखवतात. आतड्याच्या कळेनं माणूस तळमळतो, एका जागी राहत नाही. अस्तर दुखायला लागलं की हलायला बघत नाही. एवढं बोलून त्यांनी मला गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा रोगी बोलावला.

येताना मी एसटीत रडले. आनंदानं रडले. बेंबीपाशी दुखतं म्हणणारी मी खोटारडी नव्हते, सगळ्यांची पोटं तशीच बोलत होती. घरी येऊन मी नवऱ्याला चित्र काढून सगळं सांगितलं. तो मोबाइलवर कांद्याचा भाव बघत होता. शेवटी म्हणाला, “म्हंजी नसांचंच ना? म्हंजी डोक्यातलंच.” मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलं की नाही, याचीही मला शंका आहे.

मग मागच्या चैत्रात हे झालं.

शनिवार होता, शाळा सकाळची. दुपारी मी घरी आले तेव्हा शेतात कांद्याची काढणी चालली होती, बाया ओळीनं बसून पात कापत होत्या. नवरा बांधावर एकटाच बसला होता आणि त्याचा डबा तसाच होता. घरी येऊन त्यानं चहा घेतला आणि ओकून टाकला. मग अंगणात फेऱ्या मारायला लागला. गोठ्यापर्यंत जायचा, परत यायचा, कॉटवर बसायचा, लगेच उठायचा. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. ती चाल माझी होती. अकरा वर्षं मी त्याच अंगणात तशीच चालले होते.

काय होतंय, म्हणून विचारलं तर त्यानं पोटावरून सगळा पंजा गोल फिरवला आणि म्हणाला, बेंबीपाशी.

आता जे लिहिते ते लिहायला मला लाज वाटते. मला बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं. मी म्हणाले, “डोक्यातलं आहे ते. लक्ष देऊ नका.” त्यानं माझ्याकडं पाहिलं. तो चिडला असता तर मीही शुद्धीवर आले असते. पण तो खजील झाला आणि पुन्हा गोठ्याकडं चालायला लागला.

त्यानंतर त्यानं माझ्याकडं पोटाचं नावच काढलं नाही. रात्री जेवला नाही, पित्त झालं असेल म्हणाला. ज्याची आपण इतकी वर्षं चेष्टा केली त्याच बायकोला ‘माझं पोट दुखतंय’ असं दुसऱ्यांदा सांगणं त्याला जमेना, आणि मला पुन्हा विचारणं जमेना. सकाळी तो आईकडं गेला.

मी चुलीपाशी होते, सगळं ऐकू येत होतं. आत्यानं विचारलं, कुठं दुखतंय? तो म्हणाला, काल बेंबीत दुखत होतं, आता उजवीकडं खाली दुखतंय. आत्यानं अंगठा रुतवला तसा तो कळवळला. आत्या समाधानानं म्हणाली, “सरकली बघ. उजवीकडं गेलीया. कालच यायला पायजे व्हतं तू माझ्याकडं.”

दुखणं बेंबीपासून सुटून उजव्या बाजूला खाली उतरलं होतं. बेंबी सरकते यावर ज्याचा विश्वास आहे त्याला याहून मोठा पुरावा कोणता हवा? आत्याच्या जागी तिच्यासारखी दुसरी कुणीही असती तरी हेच म्हणाली असती. पण मी? मला तर चिठ्ठीमागं चित्र काढून दाखवलेलं होतं. अपेंडिक्सचं दुखणं आधी बेंबीपाशी असतं, अस्तराला लागलं की आपली खरी जागा दाखवतं, हे मी दुसऱ्या कुणाला शिकवताना सहज सांगितलं असतं. त्या सकाळी ते माझ्या डोक्यात आलं आणि मी ते ढकलून दिलं. पोटाच्या बाबतीत मीच इतक्यांदा घर डोक्यावर घेतलं होतं, आणि दर वेळी सगळं नॉर्मल निघालं होतं. आणखी एकदा हसं करून घ्यायला मी तयार नव्हते. मी भाकऱ्या थापत राहिले.

तांब्या लागला आणि घट्ट धरला. नवऱ्यानं दात-ओठ खाल्ले. आत्यानं अंगठ्याला दोरा बांधला आणि त्याला कॉटवर निजवलं.

अकराच्या सुमारास तो म्हणाला, उतरलं. एकदम उतरलं. काहीतरी सुटल्यासारखं वाटलं आणि दुखणं गेलं. आत्यानं देवापुढं साखर ठेवली. शेतातल्या बायांनी विचारलं तर तिनं हात उंच करून बसली, बसली, असं सांगितलं. सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला.

माझाच पडेना. मी घरात बसले, उठले, बाहेर आले, आत गेले. माझं पोटही सुरू झालं होतं. अकरा वर्षांत माझी कळ एकदम कधीच गेली नव्हती. ती जाते तेव्हा हळूहळू, रेंगाळत जाते. आतड्याला समजतं ते ताणणं, असं डॉक्टर म्हणाले होते. मग ताण एका क्षणात जायला काय व्हावं लागतं? ट्यूब फुटली की टायरातली हवा जाते, तेवढं कळायला विज्ञानाची बाई असावं लागत नाही.

मी त्याच्याकडं चहा घेऊन गेले. तो पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडला होता. आत्या म्हणाली, निजू दे, थकलाय. पण तो निजला नव्हता, डोळे उघडे होते. आदल्या दुपारपासून एका जागी न राहिलेला माणूस आता जराही हलत नव्हता. श्वासही वरवर घेत होता. पेला ठेवायला वाकताना माझा गुडघा लोखंडी कॉटला लागला. एवढ्याशा हिसक्यानं त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजही विसरलेले नाही.

मी आत्याला म्हणाले, यांना आत्ताच्या आत्ता मंचरला न्यायचंय. ती म्हणाली, “आता बसलीया ती. गाडीच्या हिसक्यानं परत सरकंल. आज कुठं हलायचं न्हाई.” नवराही म्हणाला, आता दुखत नाही, कशाला? मी आवाज चढवला. काढणीच्या बाया माना वर करून बघायला लागल्या. मला माहीत होतं त्यांना काय दिसतंय. ही कायमची पोटदुखी बाई, नवऱ्याचं थांबलं तर हिला सोसवेना.

मी कॉटपाशी खाली बसले आणि त्याच्या कानाशी म्हणाले, “काल मी तुम्हाला लागेल असं बोलले. ते खोटं होतं. हे डोक्यातलं नाही. एवढं एकदा ऐका माझं.”

त्यानं आईकडं पाहिलं. मग म्हणाला, “पिकअप काढायला सांग.”

कांद्याच्या पिकअपमध्ये मागं गादी टाकून त्याला नेलं. निरगुडसरपासून मंचरपर्यंत किती गतिरोधक आहेत ते मी तोवर मोजले नव्हते. प्रत्येकावर तो माझं मनगट धरायचा. हायवेला लागलो तर पुढं कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, मध्येच ट्रक, हॉर्नचा गोंगाट. मी गाडीत अर्धी उभी होते. माझ्या स्वतःच्या पोटात काय चाललं होतं ते सांगत नाही. सगळे पंप एकामागून एक गेले आणि मी थांबले नाही.

हॉस्पिटलात सर्जनांनी पोटावर हात दाबला आणि उचलला तसा तो ओरडला, तेवढ्यावर त्यांना कळलं. सोनोग्राफी झाली. अपेंडिक्स फुटलं होतं, पू पोटात पसरायला लागला होता. आत घेण्याआधी ते म्हणाले, फुटल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, त्या बऱ्या वाटण्यात लोक दिवस घालवतात. जीव वाचेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, आत्ता आणलंत ते बरं केलंत. त्याहून जास्त ते काही बोलले नाहीत आणि दार लागलं.

मी त्या व्हरांड्यात किती फेऱ्या मारल्या असतील! आत्या मागच्या गाडीनं आली होती आणि भिंतीला टेकून खाली बसली होती. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. माझी एक फेरी तिच्यापाशी आली तेव्हा तिनं माझं पाऊल धरलं आणि विचारलं, “माज्यामुळं झालं का गं हे?”

हो म्हणणं सोपं होतं. राग होता माझ्यात, आणि तो टाकायला जागा हवीच होती. पण मी तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, “आत्या, तुम्ही निदान त्यांच्या पोटावर हात तरी ठेवलात. मी तेवढंही केलं नाही.” तिला ते नीट समजलं नसावं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग आम्ही दोघीही रडलो.

दुपार कलली तेव्हा त्याला बाहेर आणलं. जगला. पुढचे दोन दिवस तापाचे गेले, पोटातून एक नळी बाहेर काढलेली होती. आत्यानं त्याच्या अंगठ्याचा दोरा स्वतः सोडला आणि कुठं टाकला ते मी विचारलं नाही. तिच्याकडं लोक आजही येतात. पण दुखणं बेंबीपासून हललंय असं कुणी म्हणालं तर ती हात लावत नाही, गाडी करा म्हणते.

चौथ्या दिवशी त्याचा ताप उतरला. मी खिडकीपाशी उभी होते. खुर्ची होती, पण माझं पोट दुखत होतं, आणि दुखत असलं की मला बसवत नाही. तो बराच वेळ माझ्याकडं बघत होता. मग म्हणाला, “तुला असंच दुखतं का गं?”

या प्रश्नाची मी अकरा वर्षं वाट पाहिली होती. उत्तरंही तयार होती, एकापेक्षा एक झोंबणारी. त्यातलं एकही तोंडाशी आलं नाही. मी म्हणाले, असं नाही, तुमचं फुटलं होतं, माझं फुटत नाही.

“मंग कसं?”

मी त्याला सांगितलं. कुठून सुरू होतं, कसं फिरतं, बोट ठेवायला गेलं की कसं निसटतं, वर्गात मी कशी उभी असते, रस्त्यावरचे पंप मला का पाठ आहेत. त्याचा मोबाइल उशाला होता, तो दोनदा वाजला. त्यानं उचलला नाही. माझं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, “आन् आत्ता?”

“आत्तापण दुखतंय.”

त्यानं एक हात टाक्यांवर दाबला, दात आवळले आणि कण्हत कण्हत भिंतीकडं वीतभर सरकला. मी म्हणाले, अहो, हलू नका. तो रिकाम्या झालेल्या जागेवर हात ठेवून म्हणाला, “बस.”

पोटात कळ होती आणि मला बसवत नव्हतं. तरी मी बसले.